आता सगळं तुझ्यावर

'यंदा किल्ला नाही, दहावी आहे.' दिवाळीच्या सुट्टीत हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत बोललं जातं आणि त्यावर फारसा कोणी वाद घालत नाही. विटा, गोणपाट, चाळलेली माती, हळिवाचं शेत, रंग उडालेले मावळे हा सगळा पसारा धाकट्या भावंडांच्या ताब्यात जातो. दहावीतलं पोर सकाळी सातला क्लासच्या दिवाळी बॅचला जातं, दुपारी सराव प्रश्नपत्रिका सोडवतं आणि संध्याकाळी अंगणात उतरलंच तर 'बुरूज जरा तिरका झालाय' एवढं सांगून परत पुस्तकाकडे वळतं. फराळाला आलेले काका-मामा चकलीचा तुकडा मोडता मोडता पहिला प्रश्न विचारतात तो टक्क्यांचा.

२०२५च्या दिवाळीत काही गावांत किल्ल्याचा विषयच निघाला नाही. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात सीना नदीला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, परांडा, भूम या तालुक्यांत पाणी शेतात शिरलं, मग घरात शिरलं. धाराशिव जिल्ह्यात काही जणांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. काढणीला आलेलं सोयाबीन जागेवर कुजलं, आणि नदीकाठच्या काही शिवारांत पिकाबरोबर वरची मातीही खरवडून गेली. २८ सप्टेंबरला होणारी राज्य लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा ९ नोव्हेंबरवर गेली. म्हणजे थोरल्या भावाची परीक्षा पुढे ढकलली गेली. धाकटीची दहावी मात्र फेब्रुवारीतच राहिली.

पाणी ओसरल्यावर जे वाळत घातलं गेलं त्यात गहू होता, गोधड्या होत्या आणि पुस्तकंही होती. भिजलेलं पुस्तक वाळवणं सोपं नसतं. पानं एकमेकांना चिकटतात आणि घाईने सोडवायला गेलं की अक्षरांसकट पापुद्रा निघतो. थोड्या थोड्या पानांमध्ये कोरडा कागद घालून, पुस्तक उभं करून, वाऱ्याला पण सावलीत ठेवावं लागतं आणि तो कागद पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. पुस्तक असं वाचवता येतं, वही बहुतेक वेळा जातेच, कारण पेनाची शाई पाण्यात उतरते आणि जूनपासून उतरवून घेतलेली प्रमेयं निळ्या डागांत मिसळतात. आठवीपर्यंतची पुस्तकं सरकार मोफत देतं, नववी-दहावीची विकत आणावी लागतात. 'बालभारती'च्या संकेतस्थळावरून ती विनामूल्य उतरवून घेता येतात. घरातला फोनही पाण्यात गेला असेल तर तेवढाही आधार उरत नाही.

अशा वेळी गाळ उपसता उपसता बाप पोरीकडे बघतो आणि म्हणतो, 'आमचं काय, आमचं झालं. आता सगळं तुझ्यावर.'

हे वाक्य पुराच्या पट्ट्यापुरतं नाही. कारखान्याने कमी केलेला पिंपरीतला कामगार ते म्हणतो, कंपनीने राजीनामा लिहून घेतलेला हिंजवडीतला अभियंता म्हणतो, दोन घरची पोळ्यांची कामं करून मुलाला क्लास लावणारी आई म्हणते. त्यात माया आहे, भरवसा आहे, आणि बोलणाऱ्याच्या मनात वावगं काहीच नसतं. पण ऐकणारं पंधरा वर्षांचं आहे. त्याला ऐकू येतं ते असं की बुडालेलं पीक, सोसायटीचं कर्ज, ताईचं लग्न, आजीचं ऑपरेशन या सगळ्याची फेड भूमितीच्या पेपरात करायची आहे. सात-बाऱ्यावरचा बोजा गुणपत्रिकेवर चढतो. घराची अडचण आणि मुलाची परीक्षा यांचे हिशोब दोन वेगळ्या वह्यांत ठेवा, एवढंच या अंकाला पालकांना कळकळीने सांगायचं आहे.

अडचण लपवा, असा याचा अर्थ मुळीच नाही. मुलांना सगळं कळतं. दूधवाल्याचं बिल थकलेलं कळतं, रात्री आई-वडील हळू आवाजात बोलतात तेव्हा पलीकडच्या खोलीतला दिवा विझलेला असला तरी डोळे उघडेच असतात. जे सांगितलं जात नाही ते मूल स्वतः रचतं, आणि रचलेलं बहुधा खऱ्यापेक्षा भयंकर असतं. म्हणून सरळ बसवून सांगावं: 'यंदा लातूरच्या क्लासची फी झेपणार नाही. इथेच राहून अभ्यास करू. बँकेचं मी आणि तुझी आई बघतो. तुझ्या मार्कांचा त्याच्याशी काही संबंध नाही.' शेवटचं वाक्य वगळू नये. ते मोठ्याने, आणि एकाहून जास्त वेळा बोलावं लागतं, कारण ते पहिल्यांदा ऐकताना मुलाचा त्यावर विश्वास बसत नाही.

२०२५-२६च्या दहावीच्या मुलांविषयी एक साधा हिशोब मांडून पाहावा. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही मुलं चौथीत होती. त्यांची पाचवी मोबाइलच्या पडद्यावर गेली. जिथे घरात एकच फोन आणि तो वडिलांच्या खिशात, तिथे ती गेलीच नाही. अपूर्णांक, दशांश, इंग्रजीतलं सलग वाचन हा पाया ज्या वयात पक्का व्हायचा त्या वयात ही पिढी गच्चीवर रेंज शोधत होती. दहावीत बीजगणित अडतं तेव्हा 'लक्ष नाही' म्हणण्याआधी पाचवीचं पुस्तक काढून पाहिलं तर गाठ नेमकी कुठे बसली आहे ते सापडतं. दिवाळीच्या सुट्टीत चार दुपारी त्यावर घालवल्या तर नव्या कोऱ्या गाइडपेक्षा अधिक उपयोग होतो.

त्यांच्या आधीच्या मुलांनी तर परीक्षाच हातातून निसटताना पाहिली. २०२०च्या दहावीचा शेवटचा पेपर भूगोलाचा होता, २३ मार्चला. तो आधी पुढे गेला, मग रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१मध्ये, अख्खी दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालाचे ५० गुण, दहावीच्या वर्षभरातल्या मूल्यमापनाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असं सूत्र ठरलं. नववी ही फारशी कोणी मनावर घेत नाही अशी इयत्ता, तिचा एकदम निम्मा वाटा झाला. निकाल ९९.९५ टक्के लागला. मग अकरावीच्या प्रवेशासाठी सीईटी जाहीर झाली, २१ ऑगस्टला. लाखो मुलांनी अर्ज भरले, पुन्हा तीच पुस्तकं उघडली, आणि १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती सीईटी रद्दबातल ठरवली. एका वर्षात दोन परीक्षांची तयारी, आणि दिली एकही नाही. २०२२मध्ये परीक्षा झाली, पण ७५ टक्के अभ्यासक्रमावर, आपापल्याच शाळेत, वाढीव वेळ देऊन, कारण दोन वर्षांत मुलांच्या हाताची लिहायची सवयच गेली होती.

'कोरोना बॅच' म्हणून त्या मुलांना पुढे कितीतरी ठिकाणी हिणवलं गेलं. त्यांचा त्यात काय दोष होता? दहावी न देता पुढे गेलेली ती मुलं पदवीपर्यंत पोहोचली आणि इतर कुठल्याही तुकडीसारखीच शिकली.

परीक्षेचे नियम ऐन वेळी बदलणं त्याआधीही घडलेलं आहे. २००९मध्ये अकरावीसाठी राज्य मंडळाच्या मुलांना ९० टक्के जागा देणारा निर्णय न्यायालयात टिकला नाही. २०१०मध्ये सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरणारं 'बेस्ट ऑफ फाइव्ह' उच्च न्यायालयाने फेटाळलं आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभं केलं. तोवर जून उलटून गेला होता आणि मुलं प्रवेशाविना घरी बसून होती. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'चा अनुभव तर ताजा आहे. २०२४मध्ये पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले, १,५६३ मुलांचे वाढीव गुण मागे घेतले गेले, फेरपरीक्षा झाली, पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत आला, आणि २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा रद्द करायला नकार दिला तेव्हा कुठे मुलांना पुढचं दिसलं. लगेच पुढच्या वर्षी पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते.

या आकड्यांमध्ये पालकांसाठी एक मोठा दिलासा दडलेला आहे. ज्या मापाने मोजायचं ते मापच दर वर्षी बदलत असेल, तर 'तुझ्या दादाला ९४ होते' या वाक्याला काही अर्थ उरत नाही. दादाची परीक्षा वेगळी होती, सूत्र वेगळं होतं, वर्ष वेगळं होतं. आजचे बहुतेक पालक दहावी झाले तेव्हा गुणवत्ता यादी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर फोटोंसह छापून यायची, पेढे भरवणारी आई शेजारी उभी असायची. ती यादी मंडळाने कधीच बंद केली. घराघरांत मात्र ती अजून निघते. २५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. गुणांवरून मुलांच्या वेगवेगळ्या तुकड्या पाडू नयेत, हे त्यात क्लासचालकांना स्पष्ट सांगितलं आहे. जेवायला बसल्यावर चुलत भावंडांची जी क्रमवारी लागते, तिलाही हाच न्याय लावायला हवा.

मग करायचं काय? 'आम्हाला त्यातलं काही कळत नाही' असं म्हणून खूप पालक मागे सरतात, विशेषतः आया. त्यांनी मागे सरू नये. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. त्यात विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर मिटून ठेवला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. भाकरी थापता थापता 'काय वाचलंस आज? पुस्तक मीट आणि मला सांग,' असं म्हणणारी आई नेमकं हेच करून घेत असते. तिला उत्क्रांती ठाऊक असण्याची गरज नाही. उलट तिला ठाऊक नाही म्हणूनच मुलीला ती नीट उलगडून सांगावी लागते. सांगताना जिथे अडतं, तिथे अभ्यास बाकी आहे हे मुलीचं तिलाच कळतं, कोणी बोलावं लागत नाही.

झोपेचंही असंच. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही आणि पहाटे डोळे उघडत नाहीत. आठ ते दहा तासांची झोप ही तेरा ते अठरा वयाची गरज आहे. रात्री बारापर्यंत बसवून पहाटे चारचा गजर लावणाऱ्या घरात मूल पुस्तकासमोर असतं, पण डोक्यात काही उतरत नाही.

नियमांची माहिती पालकांनी परीक्षेआधीच करून घ्यावी, निकालाच्या दुपारी एक वाजता नव्हे. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा आता जून-जुलैतच होते, वर्ष वाया जात नाही. गुण कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं, आणि श्रेणीसुधारचा मार्गही आहे. हे सगळं घरात सहज, गप्पांच्या ओघात बोललं गेलं पाहिजे. नापास झाल्यावर काय होतं याचं उत्तर ठाऊक असलेलं मूल नापास होण्याला जरा कमी भितं, आणि कमी भिणारं मूल पेपरात जास्त लिहितं.

एक गोष्ट जड आहे, पण टाळता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. मूल जेवणातून लक्ष काढून घेतं, मित्रांना टाळतं, 'मी नसतो तर तुमचा खर्च वाचला असता' असं काहीतरी बोलून जातं, तेव्हा ते नाटक समजू नये. शेजारी बसावं आणि स्पष्ट विचारावं: 'जीव नकोसा वाटतो का? मरणाचे विचार येतात का?' असं विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. शिरलेला असेल तर बाहेर यायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. हा क्रमांक गॅसच्या नोंदणी क्रमांकाशेजारी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. फोन पालकांनीही करावा. कर्जाच्या आणि नोकरीच्या काळजीने ज्यांची स्वतःची झोप उडाली आहे, त्यांच्यासाठीही तो आहेच.

सीनाकाठच्या त्या घरांत दप्तरं पुन्हा भरली जात आहेत. कुणाला मागच्या वर्षीच्या ताईची पुस्तकं मिळाली, कुणी मैत्रिणीच्या वहीवरून प्रमेयं पुन्हा उतरवून घेत आहे. गाळ उपसून झाला की तिथले वडीलही थोडा वेळ ओट्यावर टेकतील. तेव्हा पोरीने इतिहासाचा धडा पुस्तक मिटून त्यांना सांगावा, त्यांनी तो ऐकावा, आणि नांगरट, बियाणं, बँक यांचं बोलणं पोरगी झोपल्यावर आईशी करावं.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा सुट्टीचे बरेच दिवस शिल्लक असतील. बुरूज लिंपायला दोन संध्याकाळी पुरतात, आणि हळीव पेरला की तीन-चार दिवसांत उगवून येतो.