शेवटची ठीक वेळ

दुकान उघडताना घरातील वडीलधाऱ्यांचे तोंड एका बाजूस वाकडे होते, किल्ली हातून गळते, शब्द अडखळतात. कोणी म्हणते, उपवासाची ग्लानी असेल. कोणी तेल चोळावयास बसते. कोणी परगावच्या थोरल्या मुलास फोन लावून त्याच्या होकाराची वाट पाहते. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असता मिनिटागणिक सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

रुग्णालयात पहिलाच प्रश्न येतो तो असा : रुग्ण पूर्णपणे ठीक असा शेवटचा कधी दिसला? पहाटे पाचला जाग आली तेव्हा हात लुळा आढळला, पण रात्री दहाला बोलणे नीट होते, तर वेळ दहाचीच धरली जाते. धनादेशावरील तारीख दोनदा तपासणाऱ्या घरांतही ही वेळ क्वचितच कोणी टिपून ठेवतो.

मग रक्तातील साखर पाहतात, कारण ती फार उतरली तरी अशीच लक्षणे दिसतात. सीटी स्कॅन मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. गुठळीच्या झटक्यात तो आरंभी पुष्कळदा स्वच्छच दिसतो. म्हणून ‘स्कॅन चांगला आला’ एवढ्यावर घरी परतू नये. रक्तस्राव की गुठळी हे ठरेपर्यंत ॲस्पिरिन देऊ नये, पाणीही पाजू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असल्यास ते श्वासनलिकेत उतरते. सीटीची सोय रात्रंदिवस असलेले रुग्णालय कोणते, हे आधीच ठाऊक असावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत देतात. संमतीपत्रावर सही करताना घरचे बिचकतात, आणि ते स्वाभाविक आहे. अमेरिकेतील १९९५ च्या चाचणीत हे औषध मिळालेल्या शंभरांपैकी सुमारे सहा जणांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. न मिळालेल्यांत हे प्रमाण एकाहूनही कमी होते. तरीही तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेले रुग्ण औषध घेतलेल्यांतच अधिक होते, आणि मृत्यू वाढले नव्हते. व्यापारात याहून कमी लाभासाठी याहून मोठी जोखीम पत्करली जाते. मोठी वाहिनी बंद असल्यास जांघेतून नळी घालून गुठळी काढता येते. निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास हे औषध बहुधा देता येत नाही. म्हणून गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही सांगावे.