गाठीची तपासणी आणि मुलींची स्थळे

आमच्या नात्यातील एका खालांचे स्तनाच्या गाठीचे ऑपरेशन झाले. वय 56. गाठ लहान होती, रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोहोचला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "केमो द्यायची की नाही हे ठरवण्याआधी गाठीची जनुकीय तपासणी करून घ्या." घरी येताच खालूंनी नकार दिला. "जनुकीय म्हणजे खानदानी आजार. रिपोर्टची चर्चा झाली तर दोन्ही मुलींची स्थळे अडतील." खाला गप्प बसल्या.

आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो, पण त्या दिवशी आम्हालाही नीट उत्तर देता आले नाही. मग डॉक्टरांकडून समजून घेतले, ते इथे सांगतो.

तपासण्या दोन आहेत. एक रक्ताची, बीआरसीएची. ती आईवडिलांकडून आलेला दोष शोधते. दुसरी फक्त गाठीची. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात, त्याचेच काप तपासणीला जातात. पुन्हा सुई टोचावी लागत नाही. ऑन्कोटाइप डीएक्स ही तपासणी गाठीतील 21 जनुके किती सक्रिय आहेत हे पाहून 0 ते 100 पैकी गुण देते. इथे कमी गुण चांगले! मुलींविषयी त्या रिपोर्टमध्ये एक अक्षरही नसते.

2018 मध्ये टेलरएक्स या दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काखेत न पसरलेला रोग आणि 11 ते 25 गुण असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांना हार्मोनच्या गोळ्यांवर केमो जोडून वेगळा फायदा झाला नाही. पन्नाशीच्या आतल्या काहींना मात्र 16 च्या पुढे थोडा फायदा दिसला. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह रोगात ही तपासणी करत नाहीत. खर्च लाखांच्या घरात जातो. आपल्या देशात तयार झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही तपासणीही मिळते. कोणती योग्य, हे डॉक्टरांनाच विचारावे.

हे ऐकून खालू तयार झाले. खालांना 18 गुण आले. केमो टळली, गोळ्या सुरू आहेत. त्या रात्री खाला म्हणाल्या, "इतके दिवस माझ्या आजारापेक्षा स्थळांचीच काळजी चालली होती."

हे वाक्य आम्हाला अजून टोचते. समजा, उद्या बीआरसीएची तपासणी सुचवली, तरी ती लपवण्याची गोष्ट नाही. हा दोष वडिलांकडूनही येतो, आणि तो आधी कळला तर मुलीला वेळेवर जपता येते. भगिनींनो, डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: "ही तपासणी गाठीची की रक्ताची? माझ्या उपचारात तिने काय बदलेल?" आणि घरातल्या पुरुषांनीही हे उत्तर सोबत बसून ऐकावे.