हंगामाची वही आणि अर्धा कोयता

'हंगाम' हा शब्द सगळीकडे एकाच अर्थानं वापरला जात नाही. काश्मिरात गुलमर्गला किंवा उत्तराखंडात औलीला हंगाम म्हणजे बर्फ. डिसेंबर ते मार्च तिथं पायाला फळ्या बांधून उतारावरून घसरायला देशविदेशातून माणसं येतात. हॉटेलं भरतात, संध्याकाळी शेकोट्या पेटतात, ओळखी होतात आणि हातपायही मोडतात. २२ फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गच्या वरच्या उतारावर हिमस्खलन झालं. स्की करायला आलेले रशियन पर्यटक त्यात सापडले, एकाचा जीव गेला, बाकीच्यांना बचाव पथकानं बाहेर काढलं. माणसं किती होती, कुठली होती, वाचली किती, हे सगळं लगेच जगभर छापून आलं. ते छापून आलंच पाहिजे. माणूस गेला तर त्याची नोंद व्हावी, ही साधी माणुसकी आहे.

आमच्या वरकुट्याला बर्फ पडत नाही. इंदापूर तालुक्यात हंगाम म्हणजे गळीत हंगाम. भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, शेटफळगढे ही साखर कारखान्यांची गावं. शेजारच्या बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटतो, मोळीपूजन होतं, आणि बीड, अहिल्यानगर, जालना जिल्ह्यांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं येतात. ओढ्याकाठी, माळावर, उसाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. चार-पाच महिने गावाशेजारी एक दुसरं गाव वसतं. पट्टा पडला की ते गाव उठतं. मागं चुलींची राख आणि पाचट तेवढं राहतं. या गावात काय घडलं हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं त्याविषयी आहे.

कुणाला वाटेल, तळावर नुसतं दुःखच असतं. तसं नाही. मी गेली काही वर्षं आमच्या गटातल्या बायांबरोबर तळावर जाते. तिथंही समाज आहे. संक्रांतीला कोपीकोपीतून हळदीकुंकू होतं, वाण म्हणून काडेपेटी नाहीतर कंगवा दिला जातो. बाळंतीण झालेल्या बाईला शेजारची कोपी पाणी तापवून देते. झाडाला झोळी बांधून बारसं होतं. रात्री दहाला भाकरी थापता थापता फोनवर गावाकडच्या आजीजवळ ठेवलेल्या पोरांची ख्यालीखुशाली विचारली जाते. भांडणं होतात, सोयरिकी जुळतात. बाया एकमेकींच्या आधारानं हंगाम काढतात. हे नातं फार मोलाचं आहे आणि पुढं जे मी म्हणणार आहे ते त्याच्याच बळावर.

पण हाच तळ कारखान्याच्या आणि मुकादमाच्या वहीत पाहा. तिथं माणसं नाहीत, कोयते आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या कोयत्याला, हिशेब त्या कोयत्याचा, आणि नाव नवऱ्याचं. एकटा गडी आला तर तो 'अर्धा कोयता'. म्हणजे बाई कामावर नसली की गड्याची किंमत निम्मी होते, हे वहीला बरोबर कळतं. बाई कामावर असते तेव्हा मात्र तिचं नाव लिहायला त्याच वहीत ओळ नसते. मैत्रिणींनो, 'बाईच्या श्रमांना किंमत नाही' असं आपण नेहमी म्हणतो. इथं किंमत आहे. ती ठरलेली आहे, आगाऊ मोजून दिलेली आहे. फक्त ती तिच्या हातात दिलेली नाही.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. संघटनांनी लढून मिळवलेली ही वाढ मी कमी लेखत नाही. पण एका जोडप्यानं दिवसाला दोन टन ऊस तोडला तर सातशे-सव्वासातशे रुपये होतात, ते दोघांचे. त्यातलं बाईचं काम मोजा. पहाटे तीन-चारला उठून पाणी, भाकरी, पोरांचं आवरणं. मग फडात जाऊन तोडलेला ऊस गोळा करणं, मोळ्या बांधणं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढणं. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. परत येऊन पुन्हा चूल. या शेवटच्या कामाचा दर तर कुठल्याच करारात नाही.

आता अपघातांकडे येते. कोयता पायावर बसतो. पाचटाखाली साप निघतो. फडाच्या बांधावर निजवलेलं पोर अंधारात मागं येणाऱ्या ट्रॅक्टरखाली सापडतं. मोळी डोक्यावर असताना फळी सरकते. पाच महिने, अंधारात, घाईत, झोपमोड करून जे काम चालतं त्यातून हे होणारच. याला नशीब म्हणायचं कारण नाही.

एका हंगामात एक बाई रात्री ट्रॉली भरताना फळीवरून पडली. कमरेला मार बसला. तिला दवाखान्यात नेलं तेव्हा केसपेपरवर लिहिलं गेलं, 'घरी पडल्याने'. कुणी सांगितलं तसं लिहायला? बरोबर गेलेला माणूस म्हणाला, "कोपीत राहती, मंग कोपी म्हंजी घरच की." कामावर पडली असं लिहिलं असतं तर भरपाईचा प्रश्न आला असता. मालक कोण, हा प्रश्न आला असता. आणि समजा, लिहिलं असतं तरी ती कामावर होती याचा पुरावा काय? वहीत तर नवऱ्याचं नाव. ती तिथं नव्हतीच! पुढं ती तीन आठवडे उठू शकली नाही. त्या दिवसांचा खाडा मात्र त्याच वहीत चोख लागला. अपघाताच्या वेळी नसलेली बाई खाड्याच्या वेळी बरी सापडली.

पाळीचं, गरोदरपणाचं तेच. दुखतं म्हणून घरी बसलं तर खाडा, खाड्याला दंड, दंड उचलीत जमा. तळावर संडास नाही, आडोसा नाही, पाणी दूर. मग अंगावरचं दुखणं वाढत जातं आणि एक दिवस 'पिशवीच काढून टाक' हा सल्ला मिळतो. २०१९ साली यावर गाजावाजा झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. जवळजवळ दर सहा बायांमागे एक. हा आकडा सगळ्यांनी बीडचा म्हणून वाचला. पण त्या बायांची दुखणी वाढली कुठं? ती पश्चिम महाराष्ट्राच्या उसात वाढली, आमच्या तालुक्यांसारख्या बागायती तालुक्यांत. शस्त्रक्रियेची नोंद बीडमध्ये झाली. तिच्यामागच्या पाच-पाच महिन्यांच्या हंगामांची नोंद कुठेच झाली नाही.

शासनानं काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. गाळपाच्या दर टनामागे कारखान्यांनी १० रुपये आणि तेवढेच शासनानं द्यायचे असं ठरलं. मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये आली. ग्रामसेवकांनी कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायची असंही ठरलं. ही पावलं योग्य आहेत. पण यातली नोंदणी होते बाईच्या मूळ गावात, आणि बाई पडते ती इथं, आमच्या गावच्या फडात. दोन गावांच्या मध्ये तिचं नाव गळून जातं. म्हणून नोंद जिथं काम चालतं तिथं हवी.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की हे लोक फिरते, आज इथं उद्या पुढच्या गावात, त्यांची सोय कुठं कुठं करायची? याचं उत्तर आमच्याच रस्त्यावर दरवर्षी चालत येतं. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. लाखो माणसं, दररोज मुक्काम वेगळा. तरीही फिरती शौचालयं येतात, टँकर येतात, दवाखाने येतात. २०२२ पासून राज्य महिला आयोगाच्या 'आरोग्यवारी'त बायांसाठी सॅनिटरी नॅपकिन आणि अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्षही असतात. फार चांगलं काम आहे ते. मग जे काही दिवसांच्या फिरत्या गर्दीसाठी जमतं ते चार-पाच महिने मुक्कामी असलेल्या बायांसाठी का जमत नाही? हंगाम सुरू होण्याची तारीख मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची मंत्री समिती ठरवते. रोज किती टन गाळप झालं, उतारा किती पडला, हे साखर आयुक्तालयाला कळतं. उसाच्या रसातली साखर दशांशापर्यंत मोजणाऱ्या व्यवस्थेला तळावरच्या गरोदर बाया मोजता येत नाहीत, यावर कोण विश्वास ठेवेल?

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा. तो म्हणतो, आम्हीच नाडलेले. ऊस वाळतोय, टोळी येत नाही, आली तर खुशाली मागते. हे खरं आहे. पण खुशालीचे पैसे बाईच्या हातात जात नाहीत, आणि शेतकऱ्याची अडवणूक तिनं केलेली नाही. शेतकरी घरातल्या आम्हा बायांचं नाव सातबाऱ्यावर नसतं, तिचं वहीत नसतं. हे दुखणं एकाच जातीचं आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत विचार करण्याजोगा आहे आणि तो तळावरच्या एका बाईनंच मला ऐकवला. ती म्हणाली, "ताई, नाव लावलं तर उचलीचं कर्जबी माझ्या नावावर यील." तिची भीती खोटी नाही. पण आज काय होतं? नवरा दगावला, पळून गेला, आजारी पडला, तर उचल फिटेपर्यंत तिलाच मुकादम सोडत नाही. कर्जाला ती आजही पूर्ण जबाबदार आहे, फक्त मजुरीला नाही. म्हणून मागणी नीट शब्दांत करायला हवी. कर्जाच्या कागदावर तिचा अंगठा नको. हजेरीच्या, मजुरीच्या आणि अपघाताच्या नोंदीत तिचं नाव हवं.

वहीत नाव नसण्याचा परिणाम काय होतो, याचं एक उदाहरण बर्फाच्याच देशातलं आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९३० च्या दशकापासून २००२ पर्यंत हंगामी कामगारांसाठी वेगळा परवाना होता. इटली, स्पेन, पोर्तुगालमधली माणसं हॉटेलांत, बांधकामांवर, शेतांवर राबायची. डोंगरातल्या मौजेच्या गावांनाही हे हात लागत. पण परवान्यावर कुटुंब आणायला बंदी होती. तरी आयाबापांनी मुलं आणली आणि खोल्यांत कोंडून, आवाज न करता लपवून वाढवली. ती मुलं देशात होती, देशाच्या कागदावर नव्हती. आज मोठी झालेली ती माणसं त्या सरकारकडे दाद मागत आहेत. श्रम हवेत, पण श्रम करणाऱ्याचं घर, शरीर, मूल नको, ही वृत्ती श्रीमंत देशातही तीच आणि उसाच्या फडातही तीच.

तेव्हा येत्या हंगामासाठी आपण काय करायचं? माझ्या मते मागण्या चारच असाव्यात. कोयत्याऐवजी प्रत्येक कामगाराची वेगळी नोंद आणि बाईची मजुरी तिच्या खात्यात. प्रत्येक कारखान्यात आणि तळ असलेल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत अपघात आणि आजारपणाची नोंदवही, जी पट्टा पडल्यावर ग्रामसभेत वाचली जाईल. पाळी, बाळंतपण, आजारपण यांचा खाडा बंद. आणि तळावर शौचालय, पाणी, उजेड, पाळणाघर.

मागण्या मान्य होईपर्यंत आपल्या हातातलं काम थांबायला नको. बागायती भागातल्या गटांनी गावाजवळच्या तळाची यादी करावी: बाया किती, गरोदर किती, अंगावरची पोरं किती. ती यादी आशाताईला, अंगणवाडीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी. दवाखान्यात जखमी बाईबरोबर आपल्यातली एक जावी आणि केसपेपरवर 'ऊस भरताना' हेच शब्द लिहून घ्यावेत. लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३ च्या कायद्यानं जिल्ह्यात स्थानिक समिती असावी लागते. तिचा पत्ता तळावर पोचवावा. मराठवाड्यातल्या मैत्रिणींनी निघतानाच गाडीतल्या बायांची नावं लिहून आमच्याकडे पाठवावीत. तिकडून नावं आली की इकडं आम्ही ती ताडून बघू, आणि पट्टा पडल्यावर परत पाठवताना किती जणी धडधाकट परतल्या तेही लिहून देऊ.

साधी शाळेची शंभर पानी वही पुरेल. कारखान्याच्या वहीत ओळ मिळेपर्यंत ही वही आपण चालवायची आहे.