कागदाचें भय आणि औषधाचें प्रमाण

दौंडास आमची धाकटी बहीण राहते. शिरूरहून आम्ही वर्षांतून तीनचार वेळां तिच्याकडे जातों. मागील खेपेस तिनें आमच्यापुढें चहा ठेवला, परंतु स्वतः घेतला नाहीं. दिवसभर पाण्याचा घोटही ती मोजून घेत होती. कारण विचारतां उठून आंत गेली. सायंकाळीं भाचेसुनेनें एक इंग्रजी कागद आमच्या हातीं दिला व म्हणाली, "मामा, एवढें वाचून सांगा. यांत कर्करोगाचें नांव आहे, म्हणून आईंनीं मलमाची नळी महिनाभर कपाटांत ठेवून दिली आहे."

हकीगत अशी कीं, बहिणीचें वय साठीच्या घरांत. वर्षभरांत तीन वेळां लघवीची जळजळ झाली व तीन वेळां जंतुनाशक गोळ्या झाल्या. शेवटीं एका डॉक्टरीणबाईंनीं तपासून, रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणांत याचें मूळ आहे असें सांगितलें व इस्ट्रोजेनचें मलम लिहून दिलें.

हा विषय पुरुषानें मासिकांत लिहावा काय, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु सुश्रुतानेंही बाराव्या वर्षानंतर रजःप्रवृत्ति व पन्नाशीस तिचा क्षय हा क्रम निःसंकोच नोंदविला आहे. त्या क्षयाबरोबर शरीरांतील इस्ट्रोजेन घटतें, योनिमार्गाची व मूत्रमार्गाची त्वचा पातळ होते, तेथील हितकर जंतु कमी होऊन उपद्रवी जंतूंस वाव मिळतो. अंगांतून वाफा निघणें बहुधा कालांतरानें ओसरतें. हा कोरडेपणा मात्र उपचाराविना सहसा वाढतच जातो.

आतां त्या कागदाविषयीं. भयाचें मूळ २००२ सालच्या एका अमेरिकन प्रयोगांत आहे. १६,६०८ स्त्रियांपैकीं सुमारें निम्म्यांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांची गोळी रोज तोंडावाटे दिली होती. त्यांच्यांत दर दहा हजार स्त्रियांमागें वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८ व पक्षाघाताचे ८ रुग्ण अधिक आढळले, म्हणून प्रयोग मुदतीपूर्वींच थांबविला. तेव्हांपासून तोच इशारा इस्ट्रोजेनच्या प्रत्येक प्रकारावर, स्थानिक मलमावरसुद्धां, छापला जाऊं लागला.

परंतु शेतास पाट सोडणें आणि तुळशीस पळीनें पाणी घालणें हीं एक नव्हेत. तोंडावाटे घ्यावयाच्या इस्ट्रॅडिऑलच्या गोळीचें एक नेहमीचें प्रमाण रोज १ मिलिग्रॅम असतें. योनिमार्गांत ठेवावयाची गोळी १० मायक्रोग्रॅमची, म्हणजे त्याचा शंभरावा भाग. तीही पहिले दोन आठवडे रोज व पुढें आठवड्यांतून दोनदांच. रक्तांत उतरतो तो अंश अत्यल्प. त्याच अमेरिकन उपक्रमांतील ४५,००० हून अधिक स्त्रियांचें निरीक्षण २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. स्थानिक इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांत स्तनाचा वा गर्भाशयाचा कर्करोग, पक्षाघात अथवा रक्ताच्या गुठळ्या यांची वाढ दिसली नाहीं. निरीक्षण म्हणजे प्रयोग नव्हे, हें खरें. पण सात वर्षांचा अनुभव टाकाऊ नाहीं. नोव्हेंबर २०२५ मध्यें अमेरिकन सरकारनेंही हे सरसकट इशारे काढण्याचें जाहीर केलें.

याचा अर्थ नळी दुकानांतून आपल्या मनानें आणावी, असा नव्हे. पाळी थांबून वर्ष लोटल्यावर एक ठिपका जरी रक्त दिसलें, तरी आधीं तपासणी, मग मलम. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर प्रथम संप्रेरकरहित स्निग्ध द्रव्यें वापरून पाहावींत. लेट्रोझोलसारखी गोळी चालू असेल, तर कर्करोगतज्ज्ञांस विचारल्याविना मलमास हात लावूं नये. मलम मापानेंच घ्यावें. लवकर गुण यावा म्हणून दुप्पट घेऊं नये, आणि एकीची नळी दुसरीनें वापरूं नये.

परततांना आम्ही केडगांवावरून आलों. पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन तेथेंच आहे. धर्मांतरामुळें आपल्या समाजानें त्या विदुषीस दूर लोटलें, ही गोष्ट वेगळी. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें त्यांनीं साक्ष दिली कीं, येथील स्त्रिया आपलें दुखणें पुरुषांस सांगूं शकत नाहींत व त्यापायीं अकालीं मरतात. सबब स्त्रियांना वैद्यकी शिकवावी. आज तालुक्याच्या गांवींही डॉक्टरीणबाई भेटतात. पण घरांत बोलण्याची सोय आम्हीं किती केली? बहिणीनें लघवीच्या भयानें पाणी तोडलें, आणि आम्ही तिला वडील असूनही तें एका कागदावरून कळलें.

आम्हीं औषध घे वा घेऊं नको, यांतलें कांहींच सांगितलें नाहीं. आमचे प्रश्न कागदावर लिहून सुनेच्या हातीं दिले: आधींची तपासणी पुरेशी झाली आहे काय? माप किती? पुन्हां केव्हां दाखवावें? दोघी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्या. त्यानंतर बहिणीनें आपण होऊन कपाट उघडलें.

परवां तिचा फोन आला. मलमाचें नांव तिनें काढलें नाहीं. "दादा, आज ताक केलें होतें, दोन भांडीं प्यालें," एवढेंच म्हणाली. आम्हांस पुरेसें कळलें.