चिठ्ठीशिवाय पाळीच्या गोळ्या विकणाऱ्यांना जाहीर इशारा

तालुक्यातल्या समस्त मेडिकलवाल्यांनी आणि दवाखानेवाल्यांनी हे नीट वाचावं.

श्रावण सरत आला की गौरी-गणपतीची धावपळ सुरू होते आणि तुमच्याकडे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांना मागणी येते. पुष्कळदा ती बाई स्वतः येतच नाही; दीर येतो, नाहीतर पोर येतं. तुमचा पोऱ्या एक प्रश्न न विचारता कात्रीने पट्टीचा तुकडा कापतो, पुडीत घालतो आणि सांगतो, ‘दिवसाला तीन.’ त्या तुकड्यावर ना औषधाचं पुरं नाव उरतं, ना मुदतीची तारीख. बिल तर नाहीच. पट्टीवरची लाल रेघ कशासाठी असते, हे आम्ही तुम्हाला शिकवायला नको.

त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असतं. याच संप्रेरकाची रोजची गर्भनिरोधक गोळी ०.३५ मिलिग्रॅमची, पाळी लांबवायला मात्र दिवसाला १५ मिलिग्रॅम पोटात जातं, म्हणजे चाळीसपटीहून जास्त. एवढ्या मात्रेतल्या काही भागाचं शरीरात इथिनिल एस्ट्राडायॉल बनतं. संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांत तेच असतं आणि त्याने शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गोळ्या न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला १ ते ५ जणींना अशी गुठळी होते, संयुक्त गोळ्या घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. आकडा लहान आहे, मान्य. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तो याहून मोठा असतो, म्हणून गर्भनिरोधक गोळीवर आमचा राग नाही. राग आहे तो न विचारता हातावर टेकवण्यावर. जिला किंवा जिच्या आई-बहिणीला आधी गुठळी झाली आहे, जिचं बाळंतपण वा ऑपरेशन नुकतंच झालं आहे, अर्धशिशी उठण्याआधी जिच्या डोळ्यांपुढे चमकतं, जिचं बीपी चढलेलं असतं, तिच्यासाठी हा आकडा लहान राहत नाही. त्यात ती मुंबईहून गावी निघते. महामार्गावर गाडी अडकते, वाटेत लघवीची सोय नाही म्हणून ती पाणी पीत नाही, आणि दहा-बारा तास पाय न हलवता बसून राहते. (गौरीला विटाळ चालत नाही हे कुणी ठरवलं, त्याचा जाब आम्ही आपापल्या घरात वेगळा विचारणार आहोत.)

बायांनो, या गोळ्या घेत असताना एकाच पोटरीला सूज आली, ती दुखू लागली, एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली, डोकं असह्य दुखलं किंवा हात-पाय लुळा पडला, तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा आणि कोणती गोळी घेतली ते डॉक्टरांना सांगा. आणखी एक, पाळी लांबवली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं धरून चालू नका.

औषध विक्रेत्यांनो, यापुढे चिठ्ठीशिवाय ही गोळी विकायची नाही. बॅच नंबरासह बिल द्यायचं. डॉक्टरांनो, वर सांगितलेल्या धोक्यांबद्दल प्रश्न विचारा आणि उत्तरं केसपेपरवर लिहा. मुदत नागपंचमीपर्यंत.

त्यानंतर प्रत्येक प्रकाराची लेखी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाईल आणि परवाना निलंबित करण्याची मागणी आम्ही लावून धरू. कुणा बाईला इजा झालीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत ती राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागू शकते, आणि मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फीही लागत नाही. पैसे घेऊन तपासणारे डॉक्टर ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या कायद्याखाली १९९५ मध्येच सांगून टाकलं आहे. कंपनी म्हणेल, आम्ही डॉक्टरांना सूचना दिल्या होत्या. २०१९ चा कायदा तिला तेवढी सबब देतो. पण उत्पादकाच्या सूचना गिऱ्हाइकापर्यंत न पोचवणाऱ्या आणि त्यातून इजा घडवणाऱ्या विक्रेत्याला तोच कायदा जबाबदार धरतो. हॉस्पिटलांनीही ऐकावं: रुग्णाने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८०० १८० ३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतः करू शकते, आणि ती आम्ही करवून घेऊ.

बायांनी पट्टी, पुडी, चिठ्ठी, काहीही फेकू नये.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही दुकानोदुकानी या गोळ्या मागायला येणार आहोत, चिठ्ठीशिवाय. आमच्यातली गिऱ्हाईक कोण आणि साक्षीदार कोण, हे तुम्हाला ओळखता येणार नाही.