गोळ्या प्रभूच्या चरणी?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, कारण उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. काही दिवस वाचायचं नाही, वाकायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही. या काळात भेटायला आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी चहात बिस्किट बुडवत विचारलं, "सर, तुम्ही एवढे जुने विश्वासी. प्रभूवर सोडलं असतं तर डोळ्याला हत्यार लागलं नसतं, नाही का?" मी हसून विषय बदलला. ते स्वतः चष्मा लावून बसले होते, तेव्हा उत्तर देण्याची तशी गरजही नव्हती.

पण परवा आमच्या घरच्या प्रार्थनासभेत जे ऐकलं, त्यावर हसता आलं नाही. आमच्या थोरल्या वहिनी साक्ष द्यायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की तीन आठवड्यांपासून ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्या आहेत. कुठल्याशा आरोग्यसभेत वक्त्याने सांगितलं, की गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास. म्हणून वहिनींनी गोळ्यांची पाकिटं प्रभूच्या चरणी ठेवली. सगळ्यांनी "हालेलूया" म्हटलं. मी मान खाली घातली आणि गप्प बसलो. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहितो आहे. आज गोड बोलणार नाही. कोणाला राग आला तर येऊ दे.

गप्प बसण्याची ही माझी दुसरी वेळ. पहिली वेळ माझ्या आतेबहिणीची. तिला आम्ही सगळे माई म्हणायचो. मधुमेह होता, रोज इन्शुलिन घ्यायची. अशाच एका सभेत तिच्या डोक्यावर हात ठेवून ती बरी झाल्याचं जाहीर करण्यात आलं. तिने इंजेक्शन सोडलं. पुढे चप्पल लागून पायाला फोड आला, तो चिघळला. त्यावर प्रार्थना केलेलं तेल चोळलं जायचं. मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा जखम पाहिली, खोलीतला वासही आला. आणि दोन्ही वेळा "देव बघून घेईल" असं म्हणून घरी परत आलो. मनात भीती एवढीच, की आपण काही बोललो तर लोक म्हणतील, मास्तरांचा विश्वास डळमळला. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा पाय कापावा लागला, आणि तरीही माई वाचली नाही. दफनभूमीतून परतताना एक जण म्हणाला, "तिचाच विश्वास कमी पडला." हे वाक्य मी आजवर विसरलो नाही.

आता शास्त्राचं बोलू, कारण ही मंडळी शास्त्राचाच दाखला देतात. हिज्कीया राजाची गोष्ट रविवारच्या शाळेत आपण सगळे शिकलो. राजा मरणाला टेकला होता. त्याने रडून प्रार्थना केली आणि देवाने ती ऐकली. आयुष्याची पंधरा वर्षं वाढवून दिली. इथपर्यंत सगळे सांगतात. त्यापुढचं कोणी सांगत नाही. देवाचं वचन मिळाल्यावर यशया संदेष्ट्याने काय करायला लावलं? अंजिरांचं पोटीस आणून गळवावर बांधायला लावलं! वचनही देवाचं आणि पोटीसही देवाच्या माणसाने सांगितलेलं. त्या काळचं ते औषधच होतं. राजाने "मला वचन मिळालंय, पोटीस कशाला?" असं म्हटलं नाही.

पौलाचं पाहा. त्याच्या प्रार्थनेने माणसं बरी झाल्याचं प्रेषितांच्या पुस्तकात आहे. तोच पौल तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहितो. लूक त्याचा सोबती, आणि पौल त्याचा उल्लेख लाडका वैद्य असाच करतो. वैद्यकी जर अविश्वास असती तर तिसरं शुभवर्तमान आपल्याला मिळालंच नसतं.

"मग आसा राजाचं काय?" असं मला विचारलं जातं. त्याच्या पायांना रोग झाला, तो परमेश्वराकडे न जाता वैद्यांकडे गेला आणि मेला. खरं आहे, २ इतिहासात तसंच आहे. पण विद्यार्थ्यांना आम्ही शिकवायचो, की एक ओळ वाचून उत्तर लिहू नका, अख्खा धडा वाचा. त्याआधीच आसाने आपल्या तोंडावर खरं बोलणाऱ्या द्रष्ट्याला तुरुंगात टाकलं होतं आणि प्रजेवर जुलूम केला होता. त्याची चूक देवाला सोडण्यात होती. वैद्याला बोलावण्यात नव्हती. रक्तस्रावाच्या बाईने वैद्यांवर सगळा पैसा घालवला, हाही दाखला देतात. पण वैद्यांकडे का गेलीस म्हणून प्रभू तिच्यावर रागावला, असं कुठे लिहिलं आहे ते मला दाखवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सैतानाने प्रभूला मंदिराच्या उंच टोकावर उभं केलं आणि सांगितलं, उडी टाक, देवदूत झेलतील. त्यालाही शास्त्रवचन तोंडपाठ होतं! प्रभूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, हे त्याचं उत्तर होतं. गोळी बंद करून "आता देवा, मला वाचवून दाखव" म्हणणं ही तीच उडी आहे. तिला विश्वास म्हणू नका.

आपल्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळीला तर हे वेगळं शिकवण्याची गरजच पडू नये. मिरजेला १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभं केलं. हा माणूस मिशनरी होता, प्रार्थना करणारा होता, आणि सर्जनही होता. त्याने विश्वास आणि शस्त्रक्रिया एकाच हातात धरली. पंडिता रमाबाईंनी केडगावचं मुक्ती मिशन देवाच्या भरवशावर चालवलं. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या नुसत्या गुडघे टेकून बसल्या नाहीत. मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावात विहिरी खणल्या, मळा केला, छापखाना घातला. पाण्यासाठी प्रार्थना केली आणि कुदळही मारली. आपल्या आजी-पणजींचा विश्वास असा होता. मग हे नवीन कुठून आलं?

आपल्याकडे कोणाला साप चावल्यावर घरचे मांत्रिकाकडे धावले, की आपण हळहळतो, अंधश्रद्धा म्हणतो. आपल्याच मांडवात कोट-टाय घालून कोणी इन्शुलिन बंद करायला सांगतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. फरक कपड्यांचा आहे, एवढाच. आणि मांत्रिक निदान रोग्याला दोष देत नाही. हे लोक मेलेल्या माणसाला दोष देऊन पुढच्या गावी सभा घ्यायला मोकळे. पौलाने आपल्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, कृपा मिळाली. पौलाचा विश्वास कमी होता का? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभूने दोघांनाही निर्दोष ठरवलं. माईला दोषी ठरवणारे आम्ही कोण?

आता थोडा आमच्यावरही कोरडा. माई त्या सभेला का गेली? दवाखान्यात डॉक्टर दोन मिनिटंही बोलत नव्हते, औषधांचा खर्च मुलावर पडत होता, आणि संध्याकाळी तिच्याजवळ बसायला कोणी नव्हतं. सभेत कोणीतरी तिचा हात हातात घेतला, नाव घेऊन प्रार्थना केली. ते काम आमचं होतं. उघड्या-उपाशी माणसाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावण्यात काय अर्थ, असं याकोब विचारतो. आम्ही माईला तेच केलं. "देव बघून घेईल" हे माझे शब्द म्हणजे विश्वास नव्हता. ती माझी सुटका होती. देव बघणार होताच, पण बहुधा माझ्याच डोळ्यांनी बघणार होता, आणि मी ते मिटून घेतले.

वहिनी, नातू तुम्हाला हे वाचून दाखवतो, मला ठाऊक आहे. चारचौघांत तुमचं नाव काढलं म्हणून रागावा, तो तुमचा हक्क आहे. पण गुरुवारी सकाळी मी रिक्षा घेऊन येतो. आधी आपण दोघं मिळून प्रार्थना करू, अगदी मनापासून. मग डॉक्टरांकडे जाऊ. प्रेशर मोजू, गोळ्यांचं ते काय सांगतील ते ऐकू. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं तेव्हाही याजकाकडे जाऊन दाखवा असंच सांगितलं होतं. तपासणीला प्रभूची हरकत नव्हती, तर आपली का असावी?

रिक्षाचे पैसे मी देणार. त्यावर वाद नको.