दोन नळ आणि एक हौद

शाळेतलं नळाचं गणित आठवतंय ना मंडळी? एक नळ हौद सहा तासांत भरतो, दुसरा तीन तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? उत्तर दोन तास. कुणी सहा आणि तीनची सरासरी काढली तर साडेचार तास येतात, म्हणजे एकट्या मोठ्या नळापेक्षाही उशीर! अशा उत्तराला आम्ही भोपळा द्यायचो. पण हेच गणित गाडीच्या बॉनेटखाली गेलं की भल्याभल्यांना ते बरोबर वाटू लागतं, आणि माझं भांडण तिथेच आहे.

काही मोठ्या इंजिनांत हवा दोन वेगळ्या नळ्यांतून आत येते. १९८९ सालच्या निसान स्कायलाइन जीटी-आरमध्ये तसं होतं, २००७ साली आलेल्या जीटी-आरमध्येही आहे. प्रत्येक नळीत एक मास एअर फ्लो सेन्सर असतो. आत तापवलेली बारीक तार असते. हवा जितकी जास्त वाहील तितकी ती निवते, आणि तिला ठरलेल्या तापमानावर ठेवायला जितकी वीज लागते त्यावरून हवेचं वजन कळतं. ते कळायलाच हवं, कारण साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं प्रमाण राखायचं असतं.

आता हौशी लोक काय करतात? नवा कॉम्प्युटर बसवतात, त्याला सेन्सरची एकच वायर जोडता येते. मग दोन सेन्सरच्या वायरी दोन सारख्या रेझिस्टरमधून एकत्र आणतात. झाली व्होल्टची सरासरी! पुढे कोष्टकात हवा दुप्पट धरली की काम संपलं.

मी इंजिनिअर नाही, मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मास्तर आहे. पण ही चूक इंजिनाची नाहीच, अंकगणिताची आहे. या सेन्सरचे व्होल्ट हवेच्या प्रमाणात वाढत नाहीत. तारेचा नियम किंग नावाच्या शास्त्रज्ञाने १९१४ सालीच मांडला. ढोबळमानाने, हवा व्होल्टच्या चौथ्या घाताने वाढते असं धरा. दोन्हीकडे ३ व्होल्ट असतील तर ८१ आणि ८१, बेरीज १६२. सरासरीनेही १६२च. पण एकीकडे २ आणि दुसरीकडे ४ व्होल्ट असतील तर? १६ आणि २५६, बेरीज २७२. सरासरी मात्र ३ व्होल्टच, म्हणून कॉम्प्युटर पुन्हा १६२च समजणार. शंभरातली चाळीस हवा हिशेबातून गायब! इतका फरक रोज पडत नाही, उदाहरण मुद्दाम मोठं घेतलंय. २.८ आणि ३.२ घेतले तर तूट अडीच टक्क्यांच्या आसपास येते. पण एक गोष्ट बदलत नाही: ही तूट नेहमी एकाच बाजूची असते. हवा कमी दिसते, म्हणून पेट्रोल कमी पडतं. मिश्रण पातळ होतं, इंजिन ठोके देऊ लागतं आणि शेवटी पिस्टन जातो.

यावर म्हणतात, "काका, माझी गाडी तर मस्त पळते." पळणारच. दोन्ही नळ्या स्वच्छ आणि टर्बो नवे असेपर्यंत दोन्हीकडचे आकडे सारखेच येतात. एक फिल्टर तुंबला, एक टर्बो थकला की फरक पडू लागतो. म्हणजे ज्या दिवशी सेन्सरने खरं बोलायला हवं, त्याच दिवशी आपण त्याला खोटं बोलायला लावतो. "ऑक्सिजन सेन्सर चूक सुधारतो," हाही युक्तिवाद होतो. हळू चालवताना सुधारतो, हे खरं. पण पेडल पूर्ण दाबलं की बहुतेक गाड्यांत ती दुरुस्ती बाजूला पडते आणि सारी भिस्त कोष्टकावर राहते. आणि धोका नेमका तेव्हाच असतो.

मग करायचं काय? प्रत्येक सेन्सरचे व्होल्ट आधी त्याच्या-त्याच्या कोष्टकातून हवेत बदलायचे, मगच बेरीज. आधी रूपांतर, मग मिळवणी. दोन वायरी घेणारा कॉम्प्युटर घ्या, किंवा मध्ये एक छोटा प्रोसेसर बसवा. तेही परवडत नसेल तर हवेचा दाब मोजून चालणारी पद्धत वापरा. दोन रेझिस्टरच्या किमतीत इंजिन पणाला लावू नका.

आणि बेरीज केल्यावरही दोन आकडे वेगवेगळे बघत चला. त्यांच्यातला फरक म्हणजे इंजिनाची तक्रार असते. एक मुलगा नव्वद आणि एक दहा, तरी वर्गाची सरासरी पन्नास! त्या पन्नासावर खूश होणाऱ्या मास्तराला दहावाला मुलगा कधी दिसतच नाही.

असो. घरातल्या गाडीवेड्या भाचे-पुतण्यांनो, वाद घालायचा तर जरूर घाला, पण कोष्टक घेऊन या.